‘ज्ञ’ कोणी कोरला?

रॉकेल आणि ज्वारीची भाकरी यांचा एकत्र वास. इस्लामपुरातल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत तो दुपारी दीडच्या सुमारास उठायचा. आज साताऱ्यात एखाद्या गॅरेजवरून जाताना त्यातला अर्धा जरी नाकाशी आला, तरी उरलेला अर्धा मन स्वतःच पुरा करतं. शाईने माखलेले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, रॉकेलने धुवावे लागत. धुणारी बाई नंतर कोंड्याने हात घासून घासून लाल करी, तरी बोटांच्या पेरांत वास उरायचाच. आणि त्याच बोटांनी ती फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरायची. मी क्षणभर घुटमळले की म्हणायची, “खा की पोरी. रॉकेल पोटात गेलं म्हंजे तुझी कविता पेटंल तरी.”

त्या बोटांच्या मालकिणीचं नाव अनुसया. माहेरी अनसा, छापखान्यात अनसाक्का. त्यांच्याबद्दल मी आठवणींच्या ओढीने लिहायला बसलेली नाही, संतापाने बसले आहे. अलीकडेच त्या छापखान्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. समारंभ झाला, गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघाली. तिच्या मुखपृष्ठावर एकच अक्षर आहे: वीतभर उंच, गर्द काळा, उजवीकडे झुकलेला आणि चौकोनी पाय रोवून उभा असलेला ‘ज्ञ’. तो अनसाक्कांनी आपल्या हाताने कोरला. स्मरणिकेची आतली पानं चौसष्ट आहेत. त्या चौसष्ट पानांत त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही.

मी तिथे प्रुफं तपासायला जात असे. कॉलेज सकाळचं होतं, दुपार मोकळी होती, आणि छापलेल्या कागदाजवळ राहिलं की आपणही एक दिवस छापले जाऊ, अशी माझी भाबडी समजूत होती. अनसाक्का जुळारी होत्या, म्हणजे हस्तलिखित समोर ठेवून खणांतून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. उंच, शिडशिडीत बांधा, कपाळावर हिरवं गोंदण, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बालपण आटपाडीकडच्या माळांवर मेंढरांमागे गेलेलं. शाळा त्यांनी पाहिली ती मेंढरं तिच्या भिंतीला अंग घासत पुढे जात तेव्हा, बाहेरून. नवरा गेल्यावर पोटासाठी त्या इस्लामपुरात आल्या आणि छापखान्याचे मालक अण्णा यांनी त्यांना झाडलोटीला ठेवून घेतलं.

झाडताना खाली सांडलेले खिळे सापडत. ते आपापल्या खणात टाकायचं काम मग त्यांच्याकडे आलं. वाचता येत नव्हतं. पण कळपात कुठलं मेंढरू आपलं आणि कुठलं चुलत्याचं, हे कानाच्या ठेवणीवरून ओळखणाऱ्या नजरेला ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक कितीसा जड जाणार? आधी अक्षरांचे चेहरे पाठ झाले, मग त्यांची नावं कळली, आणि सगळ्यांत शेवटी, एका दुपारी, शब्द.

इथे एक गंमत झाली, आणि ती मला अजून पुरती उलगडलेली नाही. शिशाच्या ओळीत अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात आणि जुळारी ती ओळ वरची बाजू खाली धरून वाचतो. त्यामुळे शिरोरेखा तळाशी येते, आणि अक्षरं तिच्यातून वर उगवल्यासारखी दिसतात. अनसाक्कांनी मराठी पहिल्यांदा वाचली ती अशी, जमिनीतून वर आलेली. त्यानंतर अण्णांनी त्यांच्या हाती छापलेलं हँडबिल दिलं. ते त्यांनी न्याहाळलं आणि अण्णांना परत केलं.

“चुकलंय ह्ये. समदी टांगल्यात.”

“आगं, कागदावर अशीच असत्यात,” अण्णा म्हणाले.

“मग आमच्या खणातली कशी उगावत्यात?”

पुढे कित्येक महिने अनसाक्का हँडबिल खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या, उलटं करायच्या आणि मागच्या बाजूने वाचायच्या. तसं केलं की अक्षरं पुन्हा मातीवर उभी राहत. मी गेले तोवर त्यांना सरळ वाचायची सवय झाली होती. तरी एखादा अवघड मजकूर आला, की कागद आपसूक खिडकीकडे वळायचा.

त्यांच्या समोर माझी एक कविता जुळवायला आली होती, कॉलेजच्या वार्षिकासाठी. शेवटच्या चार ओळी काळ्या, जाड टाईपात हव्यात असा मी हट्ट धरला. त्यांनी कविता वाचली. ओठ न हलवता, बोट न फिरवता.

“ह्या चार वळी लय महत्त्वाच्या?”

“हो, आक्का.”

“मग वरच्या सोळा कशापायी लिवल्यास?”

त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. आज वर्गात कविता शिकवताना मी तोच प्रश्न विचारते, आणि तो कुणाचा हे मात्र सांगत नाही. संताप अण्णांच्या मुलावर, सुहासवर, काढण्याआधी एवढं स्वतःबद्दल नोंदवून ठेवणं भाग आहे.

आता त्या जाड, तिरक्या अक्षराबद्दल. छापखान्यात पोस्टरसाठी लाकडी ठोकळ्यांची एक पेटी होती. तिच्यातल्या अक्षराला कारखान्यात काहीतरी नाव असेल. इथे सगळे त्याला ‘पैलवान’ म्हणत. नुसतं तिरकं अक्षर घाईत असतं. मागून हाक मारली तर अडखळून पडेल, असं. नुसतं जाड अक्षर सतरंजीवर ऐसपैस बसलेलं असतं आणि जेवणाची वेळ झाल्याशिवाय उठत नाही. पैलवान या दोघांहून वेगळा होता. त्याचं सगळं वजन पुढे झुकलेलं, पण प्रत्येक दांडीच्या टोकाला चौकोनी, रुंद पाय. तो मातीत रुतलेला. समोरच्याच्या मानेवर हात पडला आहे आणि डाव अजून लागायचा आहे, तो श्वास रोखलेला क्षण त्या अक्षराने लाकडात धरून ठेवला होता. वाळव्यापासून कडेगावपर्यंत जत्रांच्या कुस्त्यांची गुलाबी, पिवळी पोस्टरं त्याच पेटीतून निघत. एसटीच्या खिडकीतून पाहूनसुद्धा लोक सांगत, ही इस्लामपूरची छपाई.

पेटी अपुरी होती. काही अक्षरं दोनदोन, बरीचशी एकेकच. एका पोस्टरवर फार तर दोन नावं पैलवानात लागायची. ती कुणाची, याचा अनसाक्कांनी कायदा करून टाकला होता, आणि तो अण्णांच्याही वर चालायचा.

“ज्यो अंगाला माती लावनार त्येला पैलवान. ज्यो खुर्चीत बसनार त्येला बसकं अक्षर.”

दुःखद निधनाच्या पत्रकावर पैलवान नाही. लग्नपत्रिकेवर तर नाहीच, कारण, त्यांच्या शब्दांत, “तितं कोन कुनाला पाडनार ह्ये आदुगर कशाला जाहीर करायचं?” आणि पुरी ओळ पैलवानात कधीच नाही. “समदीच वरडाय लागली तर ऐकायचं कुनी?”

एकदा एका साखर कारखान्याच्या पुढाऱ्यांचा माणूस कुस्तीच्या मैदानाचा मजकूर घेऊन आला. पुढाऱ्यांना सगळे आबासाहेब म्हणत. मैदान त्यांच्या वाढदिवसाचं होतं.

“आबासाहेबांचं नाव पैलवानात पायजे. येकदम वर.”

अनसाक्का ओळ जुळवत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “आबासाहेब लढनार हायती?”

“आक्का, चेष्टा न्हाई. वरनं निरोप हाय.”

“व्हय, पर ‘ब’ येकच हाय. आबासाहेबास्नी दोन लागत्यात.”

अण्णा टेबलावरून म्हणाले, “काल तर दोन हुते की गं.”

“येक मोडला.”

“मोडका कुठाय मग?”

“चुलीत घातला. मोडका ठिवून काय पुजायचाय?”

तो माणूस कळवळला. “आवं, काय तर भागवा की!”

“भागवती की. येक हितला लावती. दुसरा तुमी आबासाहेबांच्या घरनं आना. मोठं घर हाय, असंल कुठंतरी पडलेला.”

तो तणतणत गेला. आबासाहेब पोस्टरवर बसक्या अक्षरात आले आणि झुंजणारे दोघे पैलवानात. संध्याकाळी अनसाक्का माठातलं पाणी घ्यायला वाकल्या तेव्हा कमरेला खोचलेल्या पदरातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं. दुसरा ‘ब’ होता. अण्णांनी तो पाहिला, अनसाक्कांकडे पाहिलं, आणि चष्मा पुसत प्रुफात तोंड घातलं. अण्णा वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांचं चांगुलपण कुणी बघत नसताना चालायचं.

मग प्रज्ञाचं पोस्टर आलं.

कडेगावच्या बाजूच्या एका गावची जत्रा. मैदानात प्रथमच मुलींची एक जोड ठरली होती: गावची प्रज्ञा आणि साताऱ्याकडची वैशाली. गावातल्या तालमीचं दार प्रज्ञाला बंद होतं. मुलगी म्हणून, आणि पलीकडच्या बौद्धवस्तीतली म्हणून. पहिलं कारण लोक बोलून दाखवत, दुसरं न बोलता पाळत. तिने सगळा सराव मामाच्या गोठ्यात, म्हशी बाहेर काढून, केला होता. जत्रा कमिटीच्या माणसाने आणलेल्या मजकुरात सगळ्यांत खाली, एका ओळीत, एवढंच होतं: महिलांची प्रेक्षणीय कुस्ती.

“पोरीस्नी नावं न्हाईत व्हय?” अनसाक्कांनी विचारलं.

“हायत की. पर जागा न्हाई.”

“बकऱ्याच्या बक्षिसाला जागा हाय. लाऊडस्पीकरवाल्याला हाय. पोरीस्नी तेवढी न्हाई.”

“आक्का, बघायची कुस्ती हाय ती. लोकं हसत्याल, टाळ्या देत्याल, संपलं.”

माणूस गेल्यावर अनसाक्कांनी पैलवानाची पेटी ओढली आणि ‘वैशाली’ जुळवलं. मग ‘प्र’ लावला. पुढे हात थांबला. पेटीत ‘ज्ञ’ नव्हता. ज्याने ती पेटी घडवली त्याला ‘ज्ञ’ची कधी गरजच वाटली नसणार, कारण या मुलखाच्या आखाड्यात त्या अक्षराचं कुणी उतरलंच नव्हतं.

अण्णांनी डोकावून पाहिलं. “न्हाई ना? मग तिचं नाव साध्यात लाव. न्हाईतर दोन्ही काढ, कमिटीनं तरी कुठं मागितल्यात?”

“येकीला पैलवान आन् येकीला बारीक? मैदानात उतरायच्या आदीच पोर हरली की, अण्णा.”

“मग काय करनार हायस?”

“कोरती.”

“आन् कमिटी माझ्या उरावर बसली तर?”

“सांगा, जुळारनीची चूक झाली. माझं नाव सांगा.”

मोडक्या टेबलाचा शिसवी पाय अडगळीत होता. सुताराकडून त्यांनी त्याची आडवी चकती कापून आणली; उभ्या रेषांवर कोरलं तर लाकूड ढलप्या सोडतं, हे त्यांना बापाच्या हाताखाली काठ्यांच्या मुठी कोरताना कळलं होतं. चाकूही बापाचाच. तीन दुपारी भाकरीचं फडकं सुटलं नाही. खोलीत रॉकेलच्या वासाला शिसवाचा कोरडा, तिखट वास येऊन मिळाला. अक्षर उलटं कोरायचं, कागदावर उजवीकडे झुकायला हवं म्हणून लाकडात डावीकडे झुकवायचं. मी कागदावर ‘ज्ञ’ काढून दिला होता, देखणा, वहीतला. त्यांनी तो बाजूला ठेवला. “ह्यो बसल्याला हाय,” म्हणाल्या. त्यांनी ‘ज्ञ’ची गाठ खाली ओढली, पोट घट्ट केलं, आणि दांडी संपते तिथे असा रुंद पाय दिला की अक्षराला कुणी ढकलून पाहावं. तिसऱ्या दुपारी चाकू निसटला आणि पायाच्या मागच्या कोपऱ्याची बारीक ढलपी उडाली. मी हळहळले. त्यांनी अंगठ्याने तो कोपरा चाचपला.

“ऱ्हाऊ दे. लढायला उतरल्यावर कुठंतरी खरचटनारच.”

ठोकळा इतरांपेक्षा किंचित बुटका निघाला; खाली कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यांनी तो समान उंचीवर आणला. मशीनचं चाक फिरलं, गुलाबी कागद उचलला गेला, आणि ओल्या शाईत दोन मुली एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, सारख्या जाडीच्या, सारख्या झुकलेल्या.

कमिटी अण्णांच्या उरावर बसलीच. अण्णांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं: आमच्या जुळारणीची, अनुसयाची, चूक. पोस्टरं तोवर भिंतींवर लागली होती, पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून प्रकरण शिव्यांवर मिटलं. त्या ‘ज्ञ’च्या संदर्भात अनसाक्कांचं नाव चारचौघांत उच्चारलं गेलं ते त्या एका दिवशी. चूक म्हणून. त्यानंतर ते अक्षर गाजलं, आणि नाव मात्र कुणाला आठवेना.

जत्रेनंतर आठवड्याभराने प्रज्ञा स्वतः छापखान्यात आली. कान सुजलेला, खांद्याला पिशवी. एक पोस्टर हवं होतं. भिंतीवरचं सोलताना फाटलं म्हणाली.

“हरलीस म्हनं,” अनसाक्का म्हणाल्या.

“व्हय. घिस्सा मारला तिनं. पाठ टेकली.”

“मग पुढल्या साली. ठोकळा हितंच हाय, तुला सवड हुईल तवा ये.”

मुलगी हसली. पोस्टर उलगडून तिने आपल्या नावावरून तळहात फिरवला आणि मग शाई लागली का म्हणून तळहात पाहिला.

पुढे अनसाक्कांनी त्या पेटीसाठी आणखी दहा अक्षरं कोरली. मी शिकून साताऱ्याला नोकरीला लागले. फ्लेक्स आले. अण्णा गेले, त्यांचा मुलगा सुहास गादीवर बसला, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर अनसाक्का आटपाडीला पुतण्याकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभ झाला नाही. पेटी माळ्यावर गेली.

ती खाली आली ती पन्नास वर्षांच्या निमित्ताने. सुहासने पुण्याहून अक्षरांची रचना करणारा एक तरुण बोलावला होता. आणि साहित्यिक म्हणून मला. त्या तरुणाने पेटीतल्या प्रत्येक ठोकळ्याचे ठसे घेतले, ते जमिनीवर मांडले, आणि गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहत राहिला. मग एक उचलला.

“बाकीची चांगली आहेत,” तो म्हणाला, “पण हे ज्याने केलं, त्याला अक्षर म्हणजे काय ते कळत होतं.”

‘ज्ञ’ होता.

“वडिलांची नजरच तशी होती,” सुहास म्हणाला.

“हा अनसाक्कांनी कोरला,” मी म्हणाले. “माझ्यासमोर.”

सुहास प्रसन्न हसला. “हो हो. त्या पण होत्या.”

त्या पण होत्या! हे शब्द मी त्या दिवसापासून दाताखाली खड्यासारखे वागवते आहे. ‘पण’ या एवढ्याशा शब्दात केवढी अडगळीची खोली असते. तिथे बाया ठेवतात, नोकर ठेवतात, झाडणारे, धुणारे, जुळवणारे हात ठेवतात, आणि वर कडी लावून म्हणतात, विसरलो कुठे, आत आहेत की.

मी तिथल्या तिथे भांडायला हवं होतं. मी सभ्यपणा केला. म्हटलं, स्मरणिकेच्या लेखात लिहीन. आणि लिहिलंही, चार परिच्छेद, शिसवाच्या वासासकट. समारंभ सांगलीतल्या एका सभागृहात झाला. व्यासपीठावर माझी खुर्ची दुसऱ्या रांगेत होती. भाषणं चालू असताना मी स्मरणिका उघडली. माझा लेख होता. चार परिच्छेद नव्हते. त्यांच्या जागी, माझ्या नावाखाली, मी न लिहिलेलं एक वाक्य होतं: ‘या वाटचालीत इतर कर्मचाऱ्यांचेही सहकार्य लाभले.’ मुखपृष्ठाच्या मागे बारीक अक्षरात खुलासा होता: ‘मुखपृष्ठावरील अक्षर संस्थापकांनी खास घडवून घेतलेल्या दुर्मीळ संचातील.’ आणि आबासाहेबांचा शुभेच्छासंदेश अख्खं पान अडवून बसला होता. छायाचित्रासह.

माझं नाव पुकारलं गेलं. शाल आणि श्रीफळ घेऊन सुहास उभा होता. मी उठले, पुढे गेले आणि शाल खांद्यावर घेतली. टाळ्या झाल्या. हे लिहिताना माझे कान आजही तापतात.

जेवणाच्या वेळी मी त्याला गाठलं.

“मॅडम, जागेची अडचण झाली हो,” तो ताट हातात धरून म्हणाला. “शेवटी सोळाच्या पटीत पानं बसवावी लागतात.”

“त्यांचं नाव चार अक्षरांतही बसलं असतं. आणि माझ्या नावाखाली तुम्ही खोटं छापलंत.”

“खोटं कुठं? सहकार्य लाभलंच की. आणि खरं सांगू, अनसाक्कांना काय पडलंय याचं? साधी, शांत बाई. इतकी वर्षं होत्या, कधी कुरकुर केली नाही. तुम्हीच उगाच मनाला लावून घेताय. गुलाबजाम घ्या ना.”

मी ताट तसंच ठेवलं. घरी येऊन सुहासला पत्र लिहिलं: पुढच्या प्रती वाटायच्या आधी खुलासा बदलून छापावा, त्यात अनसाक्कांचं नाव असावं, नाहीतर माझा लेख काढून टाकावा. उत्तर आलं नाही. पंधरा दिवस वाट पाहिली आणि एका रविवारी आटपाडीची एसटी धरली. शाल बरोबर नेली नाही. ती त्यांच्या अंगावर घालणं म्हणजे झाल्या प्रकारावर माझ्या हाताने पांघरूण घालणं झालं असतं.

डाळिंबाच्या बागा संपून माळ लागतो, तिथे पुतण्याचं घर आहे. अनसाक्का ओट्यावर घोंगडीवर बसल्या होत्या. आणखी वाळलेल्या, ताठ. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. पुतण्याच्या सुनेने चहा आणला, गुळाचा.

मी स्मरणिका त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बोलत सुटले. काय छापलं, काय कापलं, सुहास काय म्हणाला, मी शाल कशी घेतली, पत्र कसं लिहिलं. त्या ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. त्यांचा अंगठा मुखपृष्ठावरून फिरत होता, वरून खाली, मग आडवा.

“दाब न्हाई ह्याला,” त्या म्हणाल्या. “नुसता रंग हाय.”

“आता असंच छापतात, आक्का.”

त्यांनी स्मरणिका चांगल्या डोळ्याजवळ नेली. ‘ज्ञ’च्या दांडीवरून नजर खाली उतरत पायाशी आली आणि तिथे थांबली. बराच वेळ. मग त्यांनी नखाने तो मागचा कोपरा मला दाखवला. मी पाहिलं. इतक्या दिवसांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ढलपी उडालेली जागा नव्हती. कुणीतरी ती भरून काढली होती. कोपरा स्वच्छ, काटकोनात, निर्दोष.

“माझी चूक हुती ती,” अनसाक्का म्हणाल्या. “ती बी ठिवली न्हाई.”

सून कपबशा उचलायला आली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, समजुतीच्या सुरात म्हणाली, “आवं बाई, आजीस्नी कशाचं काय वाटत न्हाई. त्यांचं मन लय मोठं हाय.” आणि आत गेली.

माझ्याही ओठांवर तसलंच काहीतरी आलं होतं. मोठं मन, संयम, त्याग. वर्गात मी ज्यांवर लाल रेघ मारते ते सगळे शब्द रांगेने उभे होते. ते गिळून मी त्यांच्याजवळ सरकले. बोटांना आता रॉकेलचा वास नव्हता, उन्हात तापलेल्या लोकरीचा होता. अंगठा अजून त्या कोपऱ्यावर होता आणि नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला होता.

“आक्का,” मी विचारलं, “तुम्हाला राग नाही येत?”

त्यांनी मान वर केली. मोतीबिंदू काढलेला डोळा माझ्यावर रोखला, स्वच्छ, कोरडा, पुढे झुकलेला.

“येतो.”